धवलारणीच्या कानात

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी हेडसेट आहे. एकाच कानात अडकवायचा, काळा, अंगठ्याएवढा. पाठीवर एक बटण आणि बटणाशेजारी एक निळा दिवा. तो दिवाही आता मनात आलं तर लागतो. आमच्या घरात मला हेडसेट म्हणून कधी कुणी हाक मारली नाही. सगळ्यांसाठी मी 'ब्लूटूथ'च. तुमच्या कानांत आता माझ्याहून कितीतरी देखणी यंत्रं असतात, हे मी पाहतो. मला त्यांचा हेवा नाही. पण मी जे ऐकलं आहे ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, म्हणून थोडा वेळ बसा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं, पण ते खोकं पहिल्याच दिवशी फेकलं गेलं. माझी पहिली आठवण पनवेलची, एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानातली. ते साल दोन हजार अकरा. दुकानदार मला काचेतून काढायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगायचा, "यावर गाणीपण ऐका आणि फोनपण घ्या. फोन आला की गाणं आपोआप थांबतं. बोलणं झालं की जिथे थांबलं तिथूनच पुढे." ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचो. एका अंगाने दोन कामं करणारा त्या अख्ख्या कपाटात मी एकटाच होतो.

मला कुमारने घेतलं. कुमार उरणजवळच्या जासईला ट्रेलर चालवायचा. बंदरातून आलेले कंटेनर यार्डात न्यायचे आणि यार्डातले बंदरात. त्याचं घर पनवेलच्या खाडीकडच्या आगरी वस्तीत होतं. घरात तिघं माणसं: कुमार, त्याची नवी नवरी नीता आणि त्याची आई हौसाबाई.

कुमारच्या कानात माझे दिवस सुखाचे गेले. यार्डाबाहेर ट्रेलरची रांग लागायची, दोन दोन तास जागची हलायची नाही. कुमार पाय वर घेऊन बसायचा आणि मी त्याला गाणी ऐकवायचो. गाणं रंगात आलं की हटकून फोन यायचा, आणि बहुतेक वेळा तो हौसाबाईंचा असायचा. माझं बटण एकदा दाबलं की फोन उचलला जातो, दाबून धरलं की कापला जातो. कुमार दाबून धरायचा. "आयचा हाय. करतो मागसून," असं शेजारच्या ट्रेलरवाल्याला सांगायचा आणि गाणं पुढे सुरू व्हायचं. ते 'मागसून' क्वचितच उजाडायचं.

घरी आल्यावर हौसाबाई विचारायच्या, "काय रं, तुजा फोन लागतो न् मंग तुटतो. जासईला रेंज नाय का?"

"नाय गो आये, जासईला रेंजच नाय," कुमार सांगायचा.

त्या बिचाऱ्या मान डोलवायच्या. मी खिशात असायचो. मला खरं माहीत होतं, पण मला तोंड नाही. दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं एवढंच माझं काम.

आता हौसाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या धवलारीण होत्या. तुमच्यातल्या पुष्कळांना हा शब्द ठाऊक नसेल. आगरी-कोळ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला गाणी म्हणावी लागतात. त्यांना धवळे म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. धवळ्याशिवाय हळद लागत नाही. देवांना, पितरांना, घरच्या माणसांना धवलारीण नावं घेऊन मांडवात बोलावते. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, आईबापांची, भावाबहिणींची नावं, सगळी त्या गाण्यात गुंफलेली असतात. कागदावर काही नाही. सगळं हौसाबाईंच्या तोंडात. आजूबाजूच्या पाच-सहा पाड्यांत त्यांच्यासारखी दुसरी उरली नव्हती.

त्यांचा एक नियम होता, "लगीन नाय त धवला नाय." घरात बसल्या बसल्या त्यांनी एक ओळही कधी गुणगुणली नाही. नीताला ती गाणी फार आवडायची. ती पनवेल शहरात वाढलेली, तिच्यासाठी सगळंच नवं होतं. शिकवा म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "लग्नात माज्या मागं बस आनि ऐक. मीपन तशीच शिकलंय." पण लग्नात गडबड, बाहेर बेंजोचा बँड, कडेवर कुणाचं तरी पोर. नीताच्या कानी अर्धंच पडायचं.

म्हणून दोन हजार बारा साली, शैलेशच्या लग्नात, तिने सासूला न सांगता पदराखाली मोबाइल धरला आणि तीन तासांचे धवळे भरून घेतले. शैलेश हा कुमारचा जिवलग मित्र, तोही ट्रेलरवरच होता. त्या हळदीत हौसाबाईंचा आवाज असा लागला होता की बेंजोवाले आपण होऊन थांबले.

"उंबराची डाली गो मांडवा आयली,
शैलेश नवऱ्याला हलद लागली."

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात शैलेश गेला. उरणच्या रस्त्यावर त्याचा ट्रेलर उलटला. त्या वेळी तो फोनवर बोलत होता असं लोक म्हणाले. खरं काय ते कुणालाच कळलं नाही. त्याची बायको माहेरी निघून गेली. घरात त्याची आई आशालता आणि धाकटी बहीण समृद्धी अशा दोघी उरल्या. दहाव्याहून परत आल्यावर कुमारने मला कानातून काढलं आणि नीताच्या हातावर ठेवलं. "हा मना नको," एवढंच म्हणाला. गाडी चालवताना त्याने मला पुन्हा कधी घातलं नाही.

असा मी नीताचा झालो. ती स्वयंपाक करताना मला घालायची आणि मोबाइलमधले ते धवळे पुन्हा पुन्हा ऐकायची. भाकरी थापत थापत ओठ हलवायची. मला ती गाणी इतकी पाठ झाली की मीच म्हणू शकलो असतो.

त्याच वर्षाच्या शेवटी हौसाबाईंच्या घशाचं दुखणं निघालं. पनवेलच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. पंखा चालू असला तरी ती ऐकू यायची नाही. तोंडाशी कान न्यावा लागायचा. ज्या बाईच्या आवाजावर अख्खा मांडव उभा राहायचा ती आता पाणी हवं असलं तरी पेला वाजवायची. शेजारणी बोलायला यायच्या, दोनदा "काय?" म्हणायच्या आणि मग येईनाशा झाल्या.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात प्रीतमचं लग्न निघालं. प्रीतमची आजी भीमाबाई म्हणजे वस्तीतली सर्वांत वडीलधारी, तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. ती आली आणि म्हणाली, "हौसा, तुजी सून म्हनंल का धवला? शेरातली पोर, जमंल का तिला?"

हौसाबाईंनी नीताकडे पाहिलं. नीता म्हणाली, "जमेल."

मित्रांनो, ते 'जमेल' माझ्या जिवावर होतं. हळदीच्या दिवशी नीताने मला कानात बसवलं, वरून पदर घेतला आणि धवळे सुरू केले. हौसाबाईंचा आवाज माझ्यातून यायचा, आणि नीता अर्ध्या श्वासाने मागून तोच शब्द उचलायची. शैलेशचं नाव आलं की तिथे प्रीतमचं घालायचं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. एक धवळा झाला, दुसरा झाला. बायका एकमेकींकडे पाहून माना हलवायला लागल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

चौथ्या धवळ्यात नावांची रांग आली. आत्याचं, मावशीचं, मामाचं नाव, भराभर, एकापाठोपाठ एक. नीता नावं बदलता बदलता दमली. आणि मग माझ्यातून जे आलं तेच तिच्या तोंडून गेलं, "शैलेश नवऱ्याला हलद लागली."

मांडव गप्प झाला. प्रीतम अंगाला हळद लावून पाटावर बसलेला, आणि त्याच्यावर एका मेलेल्या नवऱ्याचं नाव पडलेलं. याहून मोठा अपशकुन कुठला? खांबाजवळ आशालता बसली होती. ती उठली आणि चालू लागली. भीमाबाईने पुढे येऊन नीताच्या डोक्यावरचा पदर ओढला.

"कानात काय घातलंस गो? गानी ऐकतंस? माज्या नातवाच्या हलदीला?"

निळा दिवा सगळ्यांना दिसला. मी तसाच लुकलुकत राहिलो. मला विझताही येईना. त्या क्षणी नीताच्या कानात सासूचा जुना आवाज गातच होता. दोन वर्षांपूर्वीच्या मांडवात, आनंदात. इथे काय झालं आहे ते त्याला माहीत नव्हतं.

नीता घरी येऊन सासूच्या पायांशी बसली आणि सगळं कबूल केलं. हौसाबाईंनी तिला जवळ ओढून तिच्या कानात सांगितलं, "नाव चुकलं त्याचं काय नाय. मीपन चुकलंय. पन डब्यातल्या गान्याला ठावं नसतं, हलद कोनाची हाय. धवलारनीला ठावं असाया लागतं."

नीताने मला कपाटात टाकलं. वर्षभर मी तिथे सुया, बटणं आणि जुन्या किल्ल्यांमध्ये पडून होतो. प्रीतमचा संसार नीट सुरू झाला, त्याला काहीही झालं नाही. पण नीताला कुणी लग्नाला बोलावलं की ती मांडवात मागच्या रांगेत बसायची, आणि धवळ्यांच्या जागी कुठलीतरी कॅसेटमधली गाणी वाजायची. दोघीतिघींनी तर हळदीला तिला बोलावणंच सोडलं.

पुढच्या वर्षी, एप्रिल महिन्यात, आशालता घरी आली. समृद्धीचं लग्न ठरलं होतं. हातातलं निमंत्रणाचं कुंकू खाली ठेवून ती नीताला म्हणाली, "धवला तूच म्हनाचा."

नीताला रडू आलं. "मावशी, मी त्या दिवशी... तुमच्या समोर... मला माफ करा."

"माफ कशाचं?" आशालता म्हणाली. "माजा पोरगा गेला तवापासून त्याचं नाव कोनीच घेत नाय. माज्याफुडं त सगली जीभ चावतात. त्या दिवशी त्याचं नाव मांडवात ऐकलं. घरी जाऊन रडली. पन बरं वाटलं गो मना."

ती गेल्यावर नीता सासूजवळ बसली. हौसाबाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या. मांडवात जाणं शक्यच नव्हतं, आणि गेल्या असत्या तरी त्या गोंगाटात ती कुजबुज कुणाला ऐकू येणार? नीता म्हणाली, "आई, निम्मे येतात. निम्म्यांत अडखळते. तुम्ही शेजारी असता तर..."

तेव्हा दारात उभा असलेला कुमार बोलला. तो कपाटाशी गेला, किल्ल्यांच्या ढिगातून मला शोधून काढलं आणि आपल्या सदऱ्याला पुसलं. "यातून आये बोलंल," तो म्हणाला. "गानं नको. फोन."

त्यांनी तिथेच करून पाहिलं. नीता मला घालून ओटीवर गेली आणि कुमारने मोबाइल आईच्या ओठांशी धरला. मित्रांनो, पंख्याच्या आवाजात हरवणारी ती कुजबुज माझ्यातून अशी गेली की जणू हौसाबाई नीताच्या कानाशीच टेकून बसल्या होत्या. शब्द न् शब्द, मधला श्वाससुद्धा. आवाज गेल्यापासून सुनेने पहिल्यांदाच त्यांना "काय?" असं विचारलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळपासून मला चार्जिंगला लावलं होतं. तरी मी घाबरलो होतो. माझी बॅटरी जुनी झाली होती, वर्षभर कपाटात पडून आणखीच मरगळलेली. तीन तास मला झेपतील की नाही, ठाऊक नव्हतं. मांडवात वस्ती लोटली होती. भीमाबाई पहिल्या रांगेत, तोंड घट्ट मिटून. या खेपेला नीताने मला लपवलं नाही. पदर कानामागे घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, "आई घरून सांगतायत. मी म्हणते."

भीमाबाईने नाक मुरडलं.

माझ्यातून कुजबुज आली, "दिवा लावलास? उंबराची डाली बांधली? तांदूल कोनी टाकलं?" नीता हळूच उत्तरं देत होती. मला माझ्या जन्माचा अर्थ तेव्हा कळला. मागच्या वेळी हौसाबाई माझ्यातून नुसत्या गात होत्या. आता त्या विचारत होत्या.

देवांचा धवळा झाला. मग पितरांचा. आशालताच्या सासऱ्याचं नाव, आजेसासूचं, समृद्धीच्या वडिलांचं. गेलेल्या माणसांना हळदीला बोलवायचं, ही रीतच आहे. नीता पुढच्या धवळ्याकडे वळणार तोच कुजबुज आली, "थांब. एक नाव ऱ्हायलं."

नीता थांबली. कुठलं नाव, ते तिला कळलं होतं. याच नावाने वर्षापूर्वी तिला मांडवातून उठवलं होतं. समोर भीमाबाई बसली होती. त्याच वेळी माझी बॅटरी संपत आल्याची पहिली टिकटिक झाली. नीता ओठ न हलवता पुटपुटली, "आई, नको. लोक..."

"पितर झाला तो," हौसाबाई म्हणाल्या. "भैनीच्या हलदीला आलाय. नाव नाय घेतलंस त मांडवाभायेर उभा ऱ्हाईल. ऱ्हाऊ दे का?"

मी सगळी ताकद एकवटून ते शब्द पोचवले. नीताने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं,

"शैलेश भाऊ गो मांडवा आयला,
भैनीच्या हलदीला उभा ऱ्हायला."

समृद्धी पाटावरच ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. आशालता उठली. या वेळी ती बाहेर गेली नाही. वाटीतली हळद घेऊन तिने मुलीच्या गालांना लावली आणि थोडी मांडवाच्या उंबराच्या फांदीला लावली. मग भीमाबाई उठली. तिने नीताचा खाली घसरलेला पदर उचलून तिच्या डोक्यावर नीट ठेवला आणि म्हणाली, "म्हन फुडं. थांबू नको."

पलीकडे, घरात, कुमार आईच्या ओठांशी फोन धरून दोन तास गुडघ्यावर बसला होता. हौसाबाई त्याच्याशी बोलत असल्याचं मला ऐकू आलं. "हात दुखत असंल त ठेव रं." तो म्हणाला, "नाय दुखत आये. तू सांग." त्यानंतर हौसाबाईंनी फार काही सांगितलं नाही. एकदा म्हणाल्या, "तुना येतंय. मी ऐकतंय नुसती." शेवटचे दोन धवळे नीताने एकटीनेच म्हटले. माझ्यातून फक्त श्वास ऐकू येत होता, आणि तो थांबू नये म्हणून मी शेवटच्या ओळीपर्यंत दम धरला. मग विझलो.

हौसाबाई दिवाळीच्या आधी गेल्या. शेवटच्या दिवसांत नीता रोज त्यांच्या तोंडाशी कान लावून बसायची. आता आजूबाजूच्या पाड्यांत ती धवलारीण म्हणून जाते. तिला माझी गरज लागत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मी परत कुमारकडे आलो. गाडी चालवताना तो मला घालत नाही. पण जासईला रांग लागली, इंजिन बंद झालं, की गाडीतला खण उघडून मला बाहेर काढतो. माझी बॅटरी आता जेमतेम वीस मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात तो एकच ऐकतो: नीताकडून आपल्या मोबाइलमध्ये घेतलेले शैलेशच्या लग्नातले धवळे. त्यात त्याची आई मोकळ्या गळ्याने गाते आणि त्याच्या मित्राला हळद लागते. मध्येच कुणाचातरी फोन येतो, माझ्या स्वभावाप्रमाणे गाणं थांबतं. कुमार बटण दाबून धरतो. नंतर समोरचा रागावून विचारतो, फोन का कापलास? कुमार म्हणतो, "जासईला रेंज नाय."

मित्रांनो, माझं वय झालं आहे. आज ना उद्या माझा निळा दिवा कायमचा विझेल आणि मी भंगारात जाईन. मला जपा असं मी सांगणार नाही, माझ्यासारखे ढिगाने मिळतात. एवढंच मागतो. तुमच्या कानात गाणं चालू असेल आणि ते थांबवून घरच्या माणसाचा फोन आला, तर माझ्यावर चिडू नका. बटण एकदाच दाबा. काम काही नसलं तरी चालेल, जेवलास का एवढंच विचारणं असलं तरी चालेल. गाणं कुठे जात नाही. बोलणं झालं की जिथे थांबलं तिथूनच ते पुढे सुरू होतं, तो दुकानदार खोटं बोलला नव्हता.

आणि जासईला रेंज भरपूर आहे. हौसाबाई फोन करायच्या तेव्हाही होती.